साडेतीनची एसटी

गड मी पहिल्यांदा पाहिला तो अण्णांच्या ताटात. कामावरून आले की अंघोळ करून ते जेवायला बसायचे आणि आईने भात वाढला की वरण घेण्याआधी बोटांनी त्याचा डोंगर करायचे. अंगठ्याने कडेकडेने दाबत तटबंदी, चार जागी भात वर ओढून बुरुज, मध्ये खळगा करून पाण्याचं टाकं. मग "आता वाढ," म्हणायचे. वरण डोंगराच्या पायथ्याशी पसरत गेलं की आम्हा दोघी बहिणींना विचारायचे, "शत्रू आला. कुठून चढेल?" ताई जिथे बोट ठेवेल तिथे उत्तर तयार. इथून नाही, इथे उभा कडा आहे. इथून नाही, इथून वर दगड लोटतात. आई म्हणायची, "अन्नाशी खेळू नये, पोरींना काय शिकवताय!" आणि अण्णा गुपचूप एकेक बुरुज खाऊन टाकायचे.

हा गड त्यांच्या गावच्या डोक्यावर होता, तिकडे रायगड जिल्ह्यात. त्याला नाव आहे, पण गावात कुणी ते घेत नसे. नुसतं "गड" म्हणत, म्हणून मीही इथे तसंच लिहिते. लहानपणी अण्णांनी त्यावर गुरं चारली होती. पुढे पोटासाठी ते भाईंदरला आले आणि स्टीलची भांडी पॉलिश करायच्या कामाला लागले. पण त्यांच्या बोलण्यात भाईंदर कधी आलंच नाही, गडच यायचा.

आम्ही भाईंदर पूर्वेला एका चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो. खाली ओळीने पॉलिशचे गाळे. सकाळी आठला मोटारी सुरू व्हायच्या त्या संध्याकाळपर्यंत घरघरत राहायच्या. फडताळातली भांडी त्या घरघरीने किणकिणायची. आम्हाला मोठ्याने बोलायची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी मोटारी बंद असल्या तरी आई ओरडूनच चहा विचारायची, मग शेजारच्या गुजराती बेन हसून म्हणायच्या, "आज तो धीरे बोलो, भाभी, आज मशीन बंद छे." त्या चाळीच्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि मी तिच्या चौथ्या मजल्यावर राहते. खाली दुकानं आहेत, घरघर नाही. तरी आमच्या घरातलं बोलणं अजून मोठ्यानेच असतं, आणि सुनेला वाटतं मी भांडतेय.

अण्णा संध्याकाळी यायचे ते नखशिखांत काळे. डोळ्यांतलं पांढरं तेवढं दिसायचं. आई मोरीत गरम पाण्याची बादली ठेवायची, पाण्याचा रंग तीनदा बदलायचा आणि मग आतून आमचे गोरटेले अण्णा निघायचे. पण खोकला धुऊन जायचा नाही. कामावर सगळे गूळ खायचे, गुळाने छातीतली धूळ निघते म्हणून. अण्णांच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा, कागदात गुंडाळलेला. त्यातला अर्धा ते माझ्यासाठी ठेवायचे. ताई त्यावर वैतागायची. "गूळ पोटात जातो, अण्णा. धूळ छातीत जाते. दोन वेगळ्या वाटा आहेत." अण्णा हसायचे. "माझी डॉक्टरीण," म्हणायचे.

ताई म्हणजे नलिनी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, ती एकोणिसाची. तिच्या अंगात एक शांतपणा होता. एकदा खालच्या गाळ्यातल्या एका कामगाराच्या तळव्यात पत्रा घुसला. माणसं नुसती गोंधळ करत होती. ताई खाली गेली, उकळलेलं पाणी निववून जखम धुतली, आईच्या जुन्या पातळाची धुतलेली पट्टी करकचून बांधली आणि त्या रडणाऱ्या माणसाला दरडावून म्हणाली, "हाथ ऊपर रखो. नीचे किया तो मैं फिर नहीं बांधूंगी." तो हात वर धरूनच डॉक्टरकडे गेला. मुर्ध्याहून मासळी घेऊन येणारी मावशी तेव्हा पाटी घेऊन दारातच उभी होती. ती आईला म्हणाली, "तुझ्या पोरीचा हात थरथरत न्हाय गो. लय भारी हाय." त्या दिवशी तिने मांदेली मापाहून जास्त घातली. आई खूश झाली. ताई मात्र बराच वेळ मोरीपाशी हात धूत उभी होती, आणि मी जवळ गेले तर तिच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं की मी तशीच परत फिरले. माझ्या बहिणीला काय व्हायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिने एकदा विचारलंही. अण्णा जेवत होते. "अण्णा, मी नर्सिंगला गेले तर? दोन-तीन वर्षांचं असतं. राहायचं तिथेच." अण्णांनी घास खाली ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर ताई भांडली असती. ते म्हणाले, "रोग्यांत राहणार? खोकल्यात, हगवणीत? माझ्या छातीत जे गेलंय ते तुझ्या छातीत नको, नलू. तुला मी गावाला देणार. गडाच्या पायथ्याला. तिथली हवा बघ तू, पाणी बघ." त्यांनी खरोखर स्थळ पाहून ठेवलं होतं. गावातलंच घर, विहीर, आमराई, मुलगा ग्रामपंचायतीत कामाला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि मला दिसतं की त्या माणसाजवळ द्यायला सगळ्यात चांगली गोष्ट एकच होती. गडाखालची हवा. ती तो आपल्या लेकीला देत होता.

दिवाळी होऊन गेली आणि आम्ही चौघं गावाला गेलो. रविवारी ताईला बघायला येणार होते. शनिवार मोकळा होता. सकाळी चुलीवर भाकऱ्या भाजल्या जात होत्या, काकू नारळ खवत होती, आई रविवारच्या वड्यांची तयारी करत होती. काका, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, ओटीवर सुपारी कातरत बसलेले. अण्णा अचानक उठले आणि म्हणाले, "पोरींना गड दाखवून आणतो. नलू आता इथलीच होणार, तिला आपला गड ठाऊक नको?" काका म्हणाले, "तुझा खोकला चढेल का गड?" अण्णा म्हणाले, "खोकला खाली ठेवून जातो." सगळे हसले. ताईने भाकऱ्यांची पिशवी घेतली. मी मागितली तर दिली नाही. मी ओढली तेव्हा ती भाकऱ्यांच्या मानाने जड लागली, पण मी तेवढ्यावर सोडून दिलं.

चढ मला अजून आठवतो. वाळून सोनेरी झालेलं गवत, पायाखाली घसरणारी मुरमाड वाट, आणि दर वीस पावलांवर थांबणारे अण्णा. थांबले की ते दम लागल्याचं लपवायला काहीतरी दाखवायचे. ते बघ घुबडाचं भोक, ती बघ सोंडेवरची चौकी, तिथे पहारा असायचा. पण दरवाज्यापाशी पोचलो आणि त्यांचं वयच उतरलं. दरवाजा मला दिसेचना. समोर नुसते दोन अजस्र बुरुज एकमेकांना खेटलेले. "कुठंय दरवाजा?" मी विचारलं. "तीच तर गंमत आहे," अण्णा म्हणाले. बुरुजांच्या मधून वाट एकदम वळली आणि आत, आडोशाला, कमान उभी होती. "हत्तीला धडक मारायला लांबून पळत यायला लागतं. इथे पळायला जागाच ठेवली नाही. तोफेचा गोळा सरळ जातो, तो वळत नाही. म्हणून दार वळवून ठेवलं." फळ्या कधीच गेल्या होत्या. कमानीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत चौकोनी भोकं होती. अण्णांनी माझा हात धरून आत घालायला लावला, खांद्यापर्यंत गेला तरी टोक लागलं नाही. दाराला लावायचं आडवं लाकूड, अडसर, दार उघडं असताना त्या भोकात सरकवून ठेवत. आत गार होतं आणि कुठून तरी वारा येत होता. मी घाबरून हात काढला तर ताई हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

वर सगळं पडझडीचं राज्य. वाड्यांची नुसती जोती, त्यांत वाढलेली निवडुंगं, तटाचे दगड खाली ओघळलेले. पण तट जिथे शाबूत होता तिथे अण्णा आम्हाला जंग्यांपाशी घेऊन गेले. भिंतीत तिरप्या कोरलेल्या अरुंद फटी, बंदुकीची नळी बाहेर काढायच्या. "बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चिमणीचं घरटं असेल. आतल्याला सगळं रान दिसतं." मी डोळा लावला. आम्ही चढून आलो ती वाट खाली अगदी बोटभर अंतरावर असल्यासारखी दिसत होती. ताईने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग अण्णांनी चोरदरवाजा दाखवला. मागच्या अंगाला, एका बुरुजाच्या पोटात, कारवीने झाकलेल्या दहा-बारा पायऱ्या खाली उतरत होत्या आणि तळाशी माणूस वाकून जाईल एवढं दार. पलीकडे उजेड होता. "गडाला वेढा पडला, दाणागोटा संपला, की इथून निघायचं. बाहेरून कुणाला शोधून सापडत नाही." ताईने सहज विचारावं तसं विचारलं, "आता जाता येतं का इथून?" आणि अण्णा खुलले. त्यांच्या गडाबद्दल त्यांना कुणी असं नेमकं विचारलंच नव्हतं. "मी शंभर वेळा गेलोय. गुरं त्या अंगाला उतरली की हीच वाट. दारातून निघालीस की कडा उजव्या हाताला ठेवायचा. आवळ्याचं झाड आलं की ओढा लागतो, मग ओढा सोडायचा नाही. दीड-दोन तासांत खाली डांबरी रस्ता. तिथे नाका आहे, पुण्याची एसटी थांबते." "अजून थांबते?" "थांबते की. साडेतीनची. काल काकाच सांगत होता." ते बोलत होते, हाताने हवेत वळणं काढत होते, आणि ताई एकेका वळणाला मान हलवत होती. मला कंटाळा आला होता. मी कारवीची पानं तोडत होते.

टाक्याकाठी भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा असं जेवण झालं. अण्णा एका दगडाला टेकून बसले आणि त्यांचा डोळा लागला. ताईने मला खुणेने उठवलं. चोरदरवाज्याच्या पायऱ्यांवर नेऊन तिने पिशवीतून एक फडक्यात बांधलेलं बोचकं काढलं. तिची सर्टिफिकिटं, एक साडी, आणि एक पत्र. पुण्यातल्या एका रुग्णालयात नर्सिंगला तिला प्रवेश मिळाला होता. शाळेतल्या तिच्या एका बाईंनी फॉर्म भरून घेतला होता, पत्र त्यांच्याच पत्त्यावर आलं होतं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. "पहाटे गावातून निघणार होते," ती म्हणाली, "पण काका दाराशीच झोपतात. म्हणून बोचकं बरोबर घेतलं, वाटेत कुठून निसटता आलं तर बघू म्हणून. आता अण्णांनीच वाट सांगितली."

मी रडायला लागले. तिने माझं तोंड दाबलं, करकचून, पट्टी बांधावी तसं. "ऐक. एसटी सुटेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. आधी सांगितलंस तर काका माणसं घेऊन नाक्यावर येतील आणि उद्या मला त्या लोकांसमोर बसवतील. चार वाजले की अण्णांना सांग. चारच्या आधी नाही. शपथ घे." "कुणाची?" "माझी." मी घेतली. तिने माझी सुटलेली रिबन बांधली. मग वाकून त्या दारातून गेली. काही वेळ दगड घसरल्याचे आवाज आले, मग ते थांबले.

माझ्याजवळ घड्याळ नव्हतं. घड्याळ अण्णांच्या हातात होतं.

अण्णा अर्ध्या तासात उठले. "नलू कुठंय?" मी म्हटलं, "झाडीत गेलीय." ते थोडं थांबले. मग हाक मारली. मग उठून टाक्याच्या पलीकडे गेले, आणखी एक हाक. मला वाटलं होतं की चार वाजेपर्यंत गप्प बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. अण्णा काय करतील याचा विचार मी केलाच नव्हता. ताईनेही केला नव्हता बहुतेक. तिच्या हिशेबात अण्णा म्हणजे लग्न लावणारे अण्णा होते. पोरगी गडावर दिसेनाशी झालेला बाप तिच्या डोळ्यांपुढे आलाच नसावा.

ते आधी वाड्यांच्या जोत्यांतून फिरले, मग तटावरून. हाक मारायचे, उत्तरासाठी थांबायचे, खोकायचे, पुन्हा हाक. मी मागे मागे. चोरदरवाज्याच्या पायऱ्याही ते उतरले आणि दारातून वाकून हाक दिली. मग मला म्हणाले, "इथून ती कशाला जाईल," आणि वर आले. उत्तरेच्या बुरुजाखाली तट सगळा कोसळलेला आहे आणि पुढे कडा. तिथे त्यांनी पालथं पडून खाली पाहिलं आणि ते तसेच पडून राहिले. खाली, दोन पुरुष खोलीवर, एका कपारीत लाल काहीतरी अडकलं होतं. ताईची ओढणी लाल होती. मला माहीत होतं की ती ओढणी तिने कमरेला बांधून नेली. मी म्हणाले, "अण्णा, किती वाजले?"

त्यांनी खाली बघत बघतच मनगट वळवलं. "पावणेतीन. घाबरू नकोस, उजेड आहे अजून." आणि ते त्या कपारीकडे उतरायला लागले.

दम्याने मधेमधे थांबणारा माणूस, पायांत झिजलेल्या वहाणा. बोटं दगडाच्या फटीत रुतवून ते उतरत होते आणि मी वरून त्यांच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस बघत होते. मी तेवढं एक वाक्य बोलले असते तर ते वर आले असते. मी बोलले नाही. शपथ ताईची होती, मोडली तर ताई मरेल असं मला खरंच वाटत होतं. ते कपारीपर्यंत पोचले. ते लाल म्हणजे देवीला वाहिलेल्या जुन्या खणाचा तुकडा होता, वाऱ्याने उडालेला. ते तुकडा हातात घेऊन तिथेच बसले आणि रडले. बरं वाटून रडले की कशाने, ते मला सांगता येणार नाही. मी अण्णांना पहिल्यांदा रडताना पाहत होते आणि त्यांना मी बघतेय हे ठाऊक नव्हतं.

वर आले तेव्हा गुडघा फुटला होता. पुन्हा सगळा गड. मी आणखी दोनदा वेळ विचारली. दोन्ही वेळा त्यांनी सांगितली, दोन्ही वेळा धीर दिला, एकदा खिशातला गूळ काढून हातावर ठेवला. त्यांचा आवाज हळूहळू फाटत गेला आणि शेवटी हाक म्हणजे नुसता श्वास निघायला लागला. तरी ते हाताचा कर्णा करून कड्याच्या टोकाला उभे राहायचे.

चौथ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चार." मी म्हटलं, "अण्णा, ताई पुण्याला गेली."

सगळं सांगितलं. पत्र, सोमवार, नाका, शपथ. ते ऐकत होते. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणून वेळ विचारत होतीस," ते म्हणाले. आवाज नव्हताच, ओठांवरून कळलं. मारलं असतं तर मी वाचले असते. त्यांनी हातही उचलला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "पाणी नेलं का तिनं बरोबर?"

मला माहीत नव्हतं.

आम्ही खाली उतरलो. घरी आई आणि काकू दारातच उभ्या होत्या, काका ओटीवर. "नलू कुठंय?" अण्णा त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "मी पाठवली. पुण्याला, शिकायला. जागा मिळाली तिला. मीच गाडीत बसवून दिली." काकांचा आधी विश्वास बसेना, मग बसला, आणि मग जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. उद्याची माणसं, गावातली अब्रू, दिलेला शब्द. अण्णा सगळं खाली मान घालून ऐकत राहिले आणि एकदाही म्हणाले नाहीत की मलाही ठाऊक नव्हतं. त्या घराचं दार आम्हाला बंद झालं ते कायमचं. गडाखालची हवा अण्णांनी पुन्हा घेतली नाही.

ताईची पत्रं यायची. अण्णा मला वाचायला लावायचे, ऐकून झाली की घडी घालून ट्रंकेत ठेवायचे. उत्तर द्या म्हटलं तर, "काय लिहू? तूच लिही, बरा आहे म्हणून." मी लिहायची, अण्णा बरे आहेत. बरे नव्हते. आवाज परत आलाच नाही. जेवताना गोष्टी सांगायचे बंद झाले, भात कालवून खाली बघून जेवायचे. आणि माझ्याशी ते आधीसारखेच होते, खिशातला गूळ अर्धा माझाच होता, पण पुन्हा कधी मी त्यांना वेळ विचारली नाही, आणि घरात मी कुठलीही गोष्ट सांगितली की ते क्षणभर माझ्याकडे बघत राहायचे. हे खरं की नाही, एवढंच त्या बघण्यात असायचं. ताईची शेवटची परीक्षा व्हायच्या आत ते गेले. ताई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर तिने मला मोरीपाशी गाठून विचारलं, "त्या दिवशी गडावर काय केलं त्यांनी?" मी म्हणाले, "झोपले होते. चारला उठवून सांगितलं." तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आईकडे गेली.

ही गोष्ट मी सगळी वर्षं तशीच ठेवली. ताईने नोकरी केली, पुढे मीरा रोडला शांती नगरात घर घेतलं, आता निवृत्त आहे. गुरुवारी मी तिच्याकडे जाते. आम्ही भाजी निवडतो, टीव्ही चालू असतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं, छापलं तर ती वाचणार, त्याआधी तोंडाने सांगायला हवं. मागच्या गुरुवारी मेथी निवडता निवडता मी म्हटलं, "ताई, अण्णा त्या दिवशी चारपर्यंत झोपले नव्हते."

ती मेथीची पानं खुडत राहिली. म्हणाली, "मला माहितेय."

"कुणी सांगितलं? आईने?"

"कुणी नाही. त्या दरीत आवाज किती लांब जातो तुला ठाऊक नाही. ओढ्यापर्यंत ऐकू येत होते ते." तिने टीव्ही बंद केला. "आधी नलू, नलू करत होते. मग बाय म्हणायला लागले. मी अगदी लहान असताना म्हणायचे तसं. बाय, ए बाय."

इतकी वर्षं मी काय लपवत होते आणि कुणापासून! मी विचारलं, "मग अण्णा झोपले होते असं मी म्हटलं, तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस ना, म्हणून. मला ते हवं होतं गं." ती हातातल्या देठांकडे बघत होती. "दोनदा थांबले मी, शुभे. दुसऱ्यांदा तर चार पावलं माघारी आले होते. मग कळलं की अजून एक हाक ऐकली तर वर जाईन. म्हणून दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले आणि ओढ्यातून पळत सुटले."